आमच्या सुमीनं आणलंय

"ताई, ते आधी आत ठेवा बरं," बाल्कनीचा पडदा ओढून घेत नंदकिशोर म्हणाला. "खालच्या मजल्यावरची बाई लोकांच्या कचऱ्याच्या पिशव्यासुद्धा तपासते. हे तिच्या नजरेला पडलं तर माझी नोकरी गेली म्हणून समजा."

"अहो, चित्राने कुणाला नशा चढत नाही," सुमेधा म्हणाली आणि ते रंगीत पुस्तक तिने खुशाल शिरीषच्या हातात दिलं.

शिरीष आणि त्याची बायको स्वरूपा निशी-कसाईहून खास तिला भेटायला टोकियोजवळच्या ग्योतोकुला आली होती. पुस्तक म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या कुठल्याशा बियाणे कंपनीचं सूचीपत्र होतं. मधल्या पानावर गांज्याचं एक उंच, अरुंद पानांचं रोप, आणि खाली ठळक इंग्रजी अक्षरांत नाव छापलेलं : सुमेधा. आजाऱ्यांना तरी गांजा मोकळा करा म्हणून भारतात कायद्याशी भांडणाऱ्या बाईच्या सन्मानार्थ कंपनीने ही नवी जात काढली होती. ती बाई आत्ता धाकट्या बहिणीच्या, जयमालाच्या दिवाणखान्यात, जयमालाच्या उशीला टेकून, जयमालाच्या हातची थालीपिठं खात बसली होती.

"म्हणजे दुकानात जाऊन 'एक सुमेधा द्या' असं म्हणायचं?" शिरीषने विचारलं.

"म्हणतात ना. मी तिथेच शेजारी उभी होते. त्या पोराला काय माहीत सुमेधा कोण ते!"

सगळे खो खो हसले. जयमालाचा नवरा नंदकिशोरसुद्धा हसला, पडदा धरून. स्वयंपाकघरात जयमालाचं थालीपीठ करपलं.

बहिणीला बंगला मिळाला म्हणून जळणाऱ्या बायका असतात, बहिणीचा नवरा साहेब झाला म्हणून जळणाऱ्याही असतात. पण बहिणीचं नाव गांज्याला दिलं म्हणून जळणारी बाई जगात एकच असेल, आणि ती आत्ता तव्यावरचा काळा पापुद्रा खरवडत होती. पुण्याच्या मावशीने पत्रात लिहिलं होतं, 'शोभतं का हे? देवाधर्माला नाही, फुलाला नाही, आणि नाव दिलं ते कशाला तर गांज्याला!' जयमालाने उलट टपाली 'हो ना मावशी, काय बोलायचं' असं कळवलं होतं. पत्र टाकून घरी येईपर्यंत तिच्या मनात एकच घोळत होतं, की चित्राखाली 'भूक वाढते, झोप लागते' असं लिहिलंय म्हणे. कुणाची भूक वाढली होती? कुणी वाढवली होती? ते कुठे लिहिलंय?

बाहेर सुमेधाने आता ती गोष्ट सुरू केली होती. जयमालाने गॅस बारीक केला. ऐकायचं नव्हतं, पण कान तिकडेच.

"आमच्या आईला पोटाचा कॅन्सर," सुमेधा सांगत होती. आवाज खाली आणलेला, भाषणातला. "पाणी पोटात ठरत नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा मी गांजा मिळवला, तुपात कढवला आणि माझ्या हाताने तिला भरवला. पहिला घास घेतला आणि आई म्हणाली, सुमे, आज बरं वाटतंय गं. तेवढ्यासाठी मला तुरुंगात टाकलं. मी तिथे असतानाच ती गेली."

स्वरूपाचे डोळे भरून आले. "ताई, तुम्ही खरंच धन्य आहात," ती म्हणाली.

पहिला घास! पहिला घास आईने जयमालाच्या पातळावर थुंकला होता. हिरवट डाग पडला तो पडलाच, पुढे त्या पातळाची पायपुसणी झाली. आणि घास कुणी भरवला होता, हे जगात दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक जगभर हिंडून उलटं सांगत होती आणि दुसरी थालीपिठं थापत होती.

घडलं होतं ते असं. नंदकिशोर कंपनीच्या कामावर योकोहामाला येऊन वर्ष होत आलं होतं. जयमालाचा पासपोर्ट झाला होता, व्हिसाची वाट होती, आणि तेवढ्यात आई अंथरुणाला खिळली म्हणून ती माहेरच्या दोन खोल्यांत येऊन राहिली होती. सुमेधा वकील. कामगारांचे खटले चालवायची, सकाळी जायची ती दिवेलागणीला उगवायची. दिवसभर आईपाशी जयमाला. नदीकाठच्या देवळातला एक गोसावी असल्या आजारावर काहीतरी देतो असं दवाखान्यातल्या आयाने सांगितलं, तेव्हा तिकडे गेली ती जयमाला. तूप कढवलं जयमालाने. पण आई तोंड उघडेना. "तुला गं काय कळतंय?" आई म्हणायची. लहानपणापासून आईचं हे ठरलेलं होतं. सुमी हुशार, जया कामाची. सुमीचं ऐकायचं, जयाला सांगायचं.

मग एका दुपारी कंटाळून जयमाला म्हणाली, "अगं, मी कुठे आणलंय? ताईने आणलंय. मोठ्या डॉक्टरला विचारून."

"सुमीनं आणलंय?" आई म्हणाली आणि तिने आ केला.

त्या दिवसापासून त्या वाटीचं घरातलं नाव सुमीचं औषध. आई जेवायला लागली. झोपायला लागली. एकदा तर पिठलं मागितलं. जयमाला चमचा धरायची आणि आई चमच्याकडे बघून म्हणायची, सुमीचा हात गुणाचा. सुमेधाला यातलं अक्षर माहीत नव्हतं. कोर्टातून थकून यायची, आई बरी दिसली की खूश व्हायची आणि जेवून झोपायची.

गोसावी पकडला गेला आणि त्याने पत्ता सांगितला. इन्स्पेक्टर हवालदाराला घेऊन आला तेव्हा घरी त्या दोघीच. डबा सापडला. हे कुणी आणलं, असं त्याने विचारलं, आणि जयमालाची वाचा बसलेली असताना आईने अंथरुणातून उत्तर दिलं, "आमच्या सुमीनं आणलंय." सुमेधा कोर्टातून येईपर्यंत आईचा डोळा लागला होता. इन्स्पेक्टर म्हणाला, "तुमच्या आईनेच तुमचं नाव सांगितलंय." सुमेधाने झोपलेल्या आईकडे पाहिलं, मग जयमालाकडे पाहिलं. मग काळा कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाली, "हो. माझंच आहे."

जयमाला काही बोलली नाही. बोलली असती तर पासपोर्ट, जपान, संसार, सगळंच गेलं असतं. ताईने आपल्याला वाचवलं हे ती कधी विसरली नाही. तुरुंगातून सुटलेल्या ताईची सनद अडकली, कामं गेली, त्यातून ती या लढ्यात पडली, हेही तिला ठाऊक होतं. उपकार होते, मान्य. पण ताईने गुन्हा घेतला तो घेतला, त्याच्याबरोबर आईही घेतली, हे तिला गिळवत नव्हतं. कोर्टात सांगितलं ते सोडवायला सांगितलं. नंतर भाषणात कशाला? वर्तमानपत्रात कशाला? आणि आता बहिणीच्या घरात, बहिणीच्या देखत? दहा वर्षांत दोघी या विषयावर एक वाक्य बोलल्या नव्हत्या. विषय जिथे होता तिथेच त्यांनी ठेवून दिला होता.

"जये, उद्या तुला सुट्टी आहे ना?" सुमेधाने बाहेरून हाक मारली. "तोचिगीला माझ्याबरोबर चल. तिथल्या शेतकऱ्यांना भेटायचंय आणि दुभाषी आजारी पडलाय. म्हटलं, दुभाषी कशाला, आमची जया आहे की."

"चल की," नंदकिशोर म्हणाला. "तेवढंच ताईंच्या कामाला हातभार."

हातभार! जयमालाने शेवटचं थालीपीठ नेऊन आदळलं. ते नेमकं सुमेधाच्याच ताटात पडलं आणि त्यावर लोण्याचा गोळाही ती सवयीने घालून गेली.

असाकुसाहून तोबू रेल्वेने निघाल्या तेव्हा ऑगस्टचं ऊन मी म्हणत होतं. सुमेधा खिडकीशी बसून लहान मुलासारखी बाहेर बघत होती. पन्नाशी झाली, केस पांढरे झाले, तरी तिला प्रत्येक स्टेशनचं नाव विचारायचं होतं. जयमाला सांगत होती. सुमेधाने पर्समधून शेंगदाण्याचे लाडू काढले. पुण्याहून आणलेले. एक जयमालाच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुला आवडतात म्हणून लपवून ठेवले होते. काल त्या शिरीषने सगळे संपवले असते." हे ताईचं असंच होतं. धड रागवूही द्यायची नाही.

गाव डोंगराच्या कुशीत होतं. ज्यांना पाहायला सुमेधा आली होती, त्या ओनुकी-सानांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या धाग्यासाठी भांगेचं पीक घेत. जपानचा कायदा महाकडक, पण या काही शेतकऱ्यांना परवाना होता. डोक्याच्या वर गेलेली हिरवी काठी कापून, गरम पाण्यातून काढून अंगणात वाळत घातली होती. आत तिचा सोललेला धागा पिवळाधमक लोंबत होता. या धाग्याचे दोर देवळांना जातात, सुमो पहिलवानांच्या कमरेला जातात, असं ओनुकी-सान सांगत होते. साठीचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस.

"नशा?" सुमेधाने विचारायला लावलं.

"नाही," ओनुकी-सान म्हणाले. "पूर्वी शहरातली पोरं रात्री चोरायला यायची. मग जिल्ह्याच्या संशोधकांनी नशा नसलेली जात काढली. आता कुणी येत नाही."

"तिचं नाव काय? कुणाच्या नावावरून?"

"नाव जिल्ह्याचंच. माणसाचं कशाला देतील?"

जयमालाने हे उत्तर जरा चवीने भाषांतरित केलं. शेवटचं वाक्य तर दोनदा सांगितलं.

मग सगळे आत बसले. चटयांची खोली, थंड सातूचा चहा, मिठातली काकडी. गावातले आणखी पाच-सहा शेतकरी आले होते, आणि भिंतीला टेकून ओनुकी-सानांची आई बसली होती. नव्वदीला टेकलेली, कंबरेत वाकलेली, पण नजर सुईत दोरा ओवणारी. जयमालाचं जपानी पुस्तकातलं नव्हतं. सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत मासे आणि कोशिंबिरी डब्यांत भरणाऱ्या पार्टटाइम बायकांकडून ती ते शिकली होती. म्हातारीला ते बरोबर कळत होतं.

सुमेधा उठून उभी राहिली. पदर नीट केला. आधी कायदा, मग आकडे, मग सरकारं. जयमाला निमूटपणे सांगत गेली. आणि मग सुमेधाचा आवाज खाली आला.

"माझ्या आईला पोटाचा कॅन्सर होता," ती म्हणाली. "मी गांजा मिळवला, तुपात कढवला आणि माझ्या हाताने तिला भरवला."

जयमालाने तोंड उघडलं. तिने काही ठरवलं नव्हतं. निदान पुढे ती स्वतःला असंच सांगत राहिली. पण खोलीत इतके कान होते, आणि त्यांतल्या एकालाही पुणं माहीत नव्हतं, मावशी माहीत नव्हती, सूचीपत्र माहीत नव्हतं.

"आमच्या आईला पोटाचा कॅन्सर होता," ती जपानीत म्हणाली. "औषध मी आणलं. धाकटीने. मीच ते तुपात कढवलं आणि माझ्या हाताने भरवलं. ताईला काही माहीत नव्हतं. पोलीस आले तेव्हा तिने ते स्वतःवर घेतलं आणि माझ्याऐवजी ती तुरुंगात गेली."

दहा वर्षं घशात अडकलेला घास असा सुटला. बैठकीतली सगळी डोकी सुमेधावरून तिच्याकडे वळली. ओनुकी-सानांनी हातातला पेला खाली ठेवला.

"सगळे तुझ्याकडे का बघतायत गं?" सुमेधाने विचारलं.

"मी बोलतेय म्हणून," जयमाला म्हणाली. खोटं बोलताना तिला लाज वाटायला हवी होती. तिला भलतंच बरं वाटत होतं. बघू देत. एकदा तरी माझ्याकडे बघू देत.

तेवढ्यात म्हातारी पुढे सरकली. तिने थेट जयमालालाच विचारलं. "तुझ्या आईने तोंड उघडलं? आमचा म्हातारा शेवटी दात आवळून बसायचा. पेज नको, औषध नको. तू कसं भरवलंस?"

इतका सोपा प्रश्न, आणि या प्रश्नाचा तिने विचारच केला नव्हता. गुळाच्या खड्यात घालून दिलं, असं सांगता आलं असतं. म्हातारी हो म्हणाली असती आणि विषय संपला असता.

"काय विचारतायत?" सुमेधाने तिचा दंड धरला. "जये, काय म्हणतायत त्या?"

"विचारतायत, आईने तोंड कसं उघडलं. कसं भरवलं."

सुमेधा, जी हजार माणसांपुढे अडखळत नसे, ती मटकन खाली बसली. समोरची काकडीची बशी तिने उगाच बाजूला सारली.

"मला काय विचारतेस?" ती अगदी हळू म्हणाली. "मी होते का तिथे? मी रोज कोर्टात. तूच सांग, कसं द्यायचीस तिला? मला कधी कुणी सांगितलंच नाही." आणि मग, न विचारताच, "भाषणात काहीतरी सांगावं लागतं गं. मी आईचं काहीच पाहिलं नाही. शेवटचंसुद्धा नाही. सगळं मनानेच रचलंय. तुझ्यासमोर काल सांगत होते तेव्हा वाटलं, आता तू ओरडशील. तू थालीपीठ आणून वाढलंस."

खोलीतल्या कुणाला यातलं काही कळत नव्हतं. सगळे अदबीने थांबले होते. जयमालाला वाटलं, जिंकले. यासाठी तर दहा वर्षं जीव तळमळत होता. आता फक्त गुळाचा खडा म्हणायचं आणि गप्प बसायचं.

"ती माझ्या हातचं खायची नाही," जयमाला म्हणाली. हे बोलताना तिला जिवावर आलं. "थुंकायची. मग मी तिला सांगितलं, ताईने आणलंय. तेव्हा तोंड उघडलं. रोज तसंच. सुमीचं औषध म्हटलं की खायची."

सुमेधाने मान वर केली. "म्हणजे आईला वाटायचं, मी देतेय?"

"हो."

"मग पोलिसांना तिने माझं नाव सांगितलं ते..."

"तिला जे माहीत होतं तेच सांगितलं."

"तुला वाचवायला नाही?"

"मला कशाला वाचवेल? मी आणलंय हे तिला ठाऊकच नव्हतं, ताई. मला वाटत होतं, तुला हे कळलेलं आहे."

सुमेधाने चष्मा काढला. तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना, म्हणून तिने तो जयमालाच्या हातात दिला. "दहा वर्षं मी समजतेय," ती म्हणाली, "आईने दोघींतली एक निवडली. तू संसाराची, परदेशी निघालेली. मी एकटी, सडी. एकीला पोलिसांच्या हाती द्यायचंच होतं तर मला दिलं. तुरुंगात रोज मनात यायचं, जये. मी तुझा किती हेवा केलाय, तुला सांगून कळायचं नाही. चिडायचे आणि मग स्वतःलाच सांगायचे, नाही, मीच दिलं होतं, मीच भरवलं होतं. तेवढं तरी माझं."

आपला कुणी हेवा करावा असं आपल्यापाशी काही होतं, हे जयमालाला नवीन होतं. कौतुक वाटावं की राग यावा, तेही तिला ठरवता येईना.

म्हातारी अजून थांबलेली होती. जयमालाने तिच्याकडे वळून जपानीत सांगितलं, "माझ्या हातचं खायची नाही. थोरल्या मुलीने पाठवलंय म्हटलं, की खायची."

म्हातारी मान हलवत हसली. तिला यात काही विशेष वाटलं नाही. ओनुकी-सान मात्र मान खाली घालून म्हणाले, "आम्ही टोकियोच्या भावाचं नाव घ्यायचो. त्याने पाठवलंय म्हटलं की बाबा एक-दोन चमचे घ्यायचे." मग ते उठले आणि सगळ्यांच्या पेल्यांत पुन्हा चहा ओतायला लागले. जयमालाच्या पेल्यात त्यांनी आधी ओतला. पाहुणी सुमेधा होती, आणि इथले लोक अशा बाबतीत चुकत नाहीत, हे जयमालाला माहीत होतं. तिने दोन्ही हातांनी पेला धरला आणि वाकून नमस्कार केला.

परतीच्या गाडीत माणसं तुरळक होती. भाताची शेतं मागे पडत होती. सुमेधाने डोळे मिटून घेतले होते. जयमालाला वाटलं, झोप लागली असेल.

"जये," सुमेधा डोळे मिटूनच म्हणाली, "आई पोलिसांना कसं म्हणाली? म्हणजे घाबरून म्हणाली का?"

"छे. मिरवत म्हणाली."

"मिरवत?"

"मग काय! बसायला उशी लावून घेतली माझ्याकडून. आणि म्हणाली, आमच्या सुमीनं आणलंय. मोठी वकील आहे ती. तिला सगळ्यातलं कळतं."

सुमेधा फसकन हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिने पुसलंही नाही. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी घाईघाईने वर्तमानपत्र वर धरलं.

"परत सांग," सुमेधा म्हणाली.

जयमालाने परत सांगितलं. मोठी वकील आहे ती, हे आईच्या आवाजात, आईसारखी मान वेळावून सांगितलं. सुमेधा पुन्हा हसली. केस पांढरे झालेली ती बाई त्या घटकेला इतकी सुखात दिसत होती की जयमालाला ते बघवेना. आईचं जे काही होतं ते सगळं ताईचंच निघालं होतं, आणि काढून दिलं होतं आपणच. सूचीपत्रात नाव छापणाऱ्या त्या परक्या लोकांनासुद्धा काही चुकलं म्हणता येत नव्हतं. तिने पर्स उघडून उगाच तिकिटं तपासली.

"अजून एकदा," सुमेधा म्हणाली. "हळू सांग. काही गाळू नकोस."

जयमालाने सुरुवातीपासून सांगितलं. इन्स्पेक्टर दारात उभा राहिला तिथपासून. डबा सापडला, आईने उशी मागितली, आमच्या सुमीनं आणलंय, मोठी वकील आहे ती, तिला सगळ्यातलं कळतं.

"आणि पुढे? पुढे काही म्हणाली?"

"पुढे मला म्हणाली. जया, उभी काय राहिलीस, सुमी येईपर्यंत साहेबांना चहा टाक."

"टाकलास?"

"टाकला."

"प्यायले ते?"

"दोघंही प्यायले," जयमाला म्हणाली. "इन्स्पेक्टर म्हणाला, चहा छान झालाय."